मोकळा चॅनेल

मी वायरलेस मॉनिटरिंगमध्ये आहे असं सांगितलं की लग्नाकार्यात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, रेडिओवर कुठलं स्टेशन? दुसरा, जरा पेपर वाचणाऱ्या काकांचा: म्हणजे ते टूजीवालं खातं का? एक लाख 76 हजार कोटींचा आकडा लोकांच्या डोक्यात असा काही बसलाय, की स्पेक्ट्रम म्हटलं की लिलाव आणि लिलाव म्हटलं की घोटाळा. हल्ली त्यात उपग्रहांची भर पडली आहे. उपग्रहसेवेला स्पेक्ट्रम लिलावाने द्यायचा की सरकारने थेट नेमून द्यायचा, यावर काका पंगतीत दहा मिनिटं बोलू शकतात. 2023 च्या दूरसंचार कायद्याने एल आणि एस बँडमधली मोबाइल सॅटेलाइट सेवा, म्हणजे फिरत्या सेटचा थेट उपग्रहाशी संपर्क, थेट नेमून द्यायच्या यादीत घातली आहे, हे मी सांगत नाही. मी जिलेबी घेते.

माझं काम वाटप झाल्यावर सुरू होतं. ज्याला जो फ्रिक्वेन्सीचा पट्टा दिलाय तो त्यालाच मिळतोय की मध्ये कोणी घुसलंय, हे शोधायचं. बहुतेक दिवस रेंज वाढवणारे बेकायदा मोबाइल बूस्टर उतरवण्यात जातात. दुकानदार विचारतो, ऑनलाइन घरपोच मिळतं ते बेकायदा कसं? मी पावती फाडते. त्याच्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही.

ही केस मात्र बूस्टरची नव्हती.

आमच्या टेबलावर राष्ट्रीय फ्रिक्वेन्सी वाटप आराखड्याचं जाड बाड असतं. त्यातली पानंच्या पानं म्हणजे चाळीतलं गोकुळ: एकेका पट्ट्यात तीन-तीन, चार-चार सेवा दाटीवाटीने राहतात आणि कोणी कोणाच्या दारात चप्पल काढायची याचे नियम तळटीपांत. पण 406 ते 406.1 मेगाहर्ट्झच्या ओळीत एकच नाव आहे. मोबाइल सॅटेलाइट, जमिनीवरून आकाशाकडे. आणि तीही फक्त संकटात सापडलेल्यांच्या बीकनसाठी, कमी शक्तीची. शंभर किलोहर्ट्झ. जुन्या टूजीच्या एका कॅरिअरला 200 लागायचे, त्याच्या निम्मी जागा. एवढ्या चिंचोळ्या पट्टीवर सगळ्या जगातली बुडणारी जहाजं आणि पडलेली विमानं उपग्रहाला हाक मारतात.

बीकन म्हणजे पाण्याच्या बाटलीएवढा पिवळा-नारिंगी डबा, पाच वॉटचा. तो सतत ओरडत नाही, बॅटरी पुरायला हवी ना. साधारण दर 50 सेकंदांनी अर्धा सेकंद बोलतो: मी अमुक, आणि जीपीएस असेल तर इथे आहे. ते ऐकायला कमी उंचीवरून फिरणारे उपग्रह आहेत, जीपीएस-गॅलिलिओवर बसवलेले कान आहेत आणि 36 हजार किलोमीटरवर आपले इन्सॅट-3डी मालिकेतले उपग्रह आहेत. तिथून बेंगळुरूचं मिशन कंट्रोल सेंटर, तिथून तटरक्षक दल, तिथून बोट नाहीतर हेलिकॉप्टर. ही सगळी साखळी त्या अर्ध्या सेकंदावर लटकलेली असते. म्हणून तिथे दुसऱ्या कोणी बोलायचं नाही.

बेंगळुरूहून ईमेल आला होता तो याबद्दल. 406.05 च्या आसपास सिग्नलचा उंचवटा दिसतोय, बीकनसारखा नाही, रोज येतो. कमी उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाच्या डॉप्लरवरून, म्हणजे तो जवळ येता-जाताना फ्रिक्वेन्सी किती सरकते यावरून, त्यांनी जागेचा अंदाजही दिला होता: एक फुगीर लंबवर्तुळ, ज्यात विजयदुर्गापासून आचऱ्यापर्यंतचा किनारा, निम्मा देवगड तालुका आणि बराचसा अरबी समुद्र मावत होता. त्यांनी काम चोख केलं होतं. ईमेल माझ्यापर्यंत यायला अकरा दिवस लागले. तो ज्या तीन टेबलांवरून आला त्या प्रत्येकाने वर 'कृपया आवश्यक कार्यवाही व्हावी' एवढंच लिहिलं होतं. बुडणाऱ्याला वाचवायच्या पट्ट्यातल्या अडथळ्याला अकरा दिवस आणि व्हीआयपी दौऱ्याच्या वॉकीटॉकीत खरखर आली तर अकरा मिनिटं, असा आमचा हिशेब आहे.

साहेबांचं मत पडलं, खराब टीव्ही अ‍ॅम्प्लिफायर असेल. वाईट अंदाज नव्हता, असले अ‍ॅम्प्लिफायर कुठेही ओकतात. पण मी बेंगळुरूकडून जुन्या तारखा मागवल्या आणि एका कागदावर आडव्या मांडल्या. नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत रोज. जूनमध्ये शून्य. जुलैमध्ये शून्य. ऑगस्ट लागला की परत सुरू. पहाटे चारला गर्दी, दुपारी तुरळक, संध्याकाळी पुन्हा.

माझं आजोळ मालवणचं. एक जून ते एकतीस जुलै काय असतं हे मला कोणी सांगायला नको. टीव्हीचा अ‍ॅम्प्लिफायर मासेमारीबंदी पाळत नाही.

गाडीत मी, एक ज्युनिअर आणि आमचे ड्रायव्हरमामा. गाडीच्या टपावर दिशा शोधणारा अँटेना असतो, तो शहरात बरा चालतो. कोकणात त्याची फजिती होते. खाली खाडी, वर जांभ्याचा सडा म्हणजे उघडं पठार, मध्ये सरळ उभा कडा. लहर कड्यावर आपटून परत येते आणि यंत्र छातीठोकपणे समुद्राकडे बोट दाखवतं. पहिला अख्खा दिवस आम्ही एका देवळाच्या दीपमाळेभोवती घिरट्या घातल्या. पुजाऱ्यांनी दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा विचारलं, नवस आहे का?

दुसऱ्या दिवशी मी गाडीचा नाद सोडला आणि हातातली यागी, म्हणजे एका दिशेला रोखायचा अँटेना, घेऊन सड्यावर चढले. 406 ला यागीची काडी फूटभरापेक्षा थोडी लांब, सगळा अँटेना हातात मावतो. पण इथे एक गोम होती. सिग्नल सतत नव्हता. कोणीतरी बोललं की पाच-दहा सेकंद उठायचा, मग तीन सेकंदांची शेपटी, एक बारीक 'टुक', आणि गायब. ती शेपटी आणि 'टुक' ऐकल्याबरोबर कळलं की हा साधा वॉकीटॉकी नव्हे, रिपीटर आहे. एका फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं आणि दुसरीवर मोठ्याने ओरडायचं, म्हणजे लांबच्या दोघांचं बोलणं होतं. तेव्हा अँटेना गरकन फिरवायचा तो त्या दहा सेकंदांत. बाकी वेळ उन्हात उभं राहून वाट बघायची.

अशीच वाट बघत होते. पोर्टेबल अ‍ॅनालायझरचं डिमॉड्युलेशन चालू केलं, म्हणजे लहरीतला आवाज ऐकू येतो, आणि हेडफोन घातले. उंचवटा आला आणि त्यातून स्वच्छ आवाज आला:

"बांगडो लागलो हा. पण कोणाक सांगा नको."

मी मोठ्याने हसले. ज्युनिअर माझ्याकडे बघायला लागला. तो लातूरचा, त्याला शब्द कळले नाहीत. त्याला म्हटलं, हा माणूस म्हणतोय की मासा सापडलाय, कोणाला सांगू नकोस. आणि हे तो हिंदी महासागरावरच्या उपग्रहाला सांगतोय, जिथून पृथ्वीचा एक तृतीयांश भाग दिसतो.

जवळ गेल्यावर सिग्नल इतका मोठा झाला की यागी निरुपयोगी. कुठेही रोखा, काटा टोकाला. अशा वेळी अ‍ॅटेन्युएटर लावून तो मुद्दाम बहिरा करावा लागतो. तेही पुरेना तेव्हा जुनी युक्ती: अँटेना काढायचा, छोटा रिसीव्हर छातीशी धरायचा आणि जागेवर गोल फिरायचं. सिग्नल पडतो तेव्हा आपलं अंग मध्ये आलेलं असतं, म्हणजे वैरी पाठीमागे. लाखो रुपयांच्या यंत्रांनंतर शेवटचे शंभर मीटर आम्ही पाठीने शोधतो. प्रशिक्षणात हे शिकवत नाहीत. मला एका निवृत्त सहायकांनी शिकवलं होतं.

पाठीमागे हापूसची कलमं होती. बागेत पंपाची खोली, खोलीला लागून बारा मीटरचा गॅल्व्हनाइझचा पाइप, तीन बाजूंनी नायलॉनच्या दोरीने ताणलेला. दोरीची गाठ खलाशाची, एकदम पक्की. वर चार लूपांचा डायपोल अँटेना. आत फळीवर रिपीटर, खाली ट्रकची बॅटरी, पंपाच्या मीटरवरून चार्जर, वर डासांसाठी मच्छरदाणीचा तुकडा आणि पाटीवर खडूने 'हात लावू नये'. पंचवीस वॉट. इतकं नीटनेटकं काम मी परवानाधारकांकडेही फार बघितलेलं नाही. केबलच्या जोडावर रबरी टेप, त्यावर ग्रीस. समुद्राची हवा काय करते हे कळणाऱ्या माणसाचं काम.

पाच वॉटचा बीकन लाटांत अर्धा बुडालेला, आणि दीडशे मीटर उंच सड्यावर पंचवीस वॉट. वरच्या उपग्रहाला कोण आधी ऐकू येईल?

पोलीस ठाण्यातून एक हवालदार आले, बंदरावरून मच्छीमार सोसायटीचे चेअरमन आणि एक म्हातारे तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. चेअरमनांनी लपवाछपवी केली नाही. आधी त्यांचा सेट दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर होता, चारशे तीसच्या वर कुठेतरी. पण शेजारच्या बंदरातल्यांनी तो चॅनेल पकडला आणि ह्यांना मासा लागला की त्यांच्या बोटी आधी हजर. म्हणून गेल्या वर्षी शहरातल्या दुकानदाराकडे नेऊन बदलून घेतला.

"त्येना मशिनीर बघल्यान," चेअरमन म्हणाले, "आणि म्हणालो, ह्यो च्यानल एकदम मोकळो. कोण्णाचो आवाज नाय."

या वाक्याशी मी अजून अडकलेली आहे. दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्याने स्कॅन केलं, सगळीकडे कलकल होती आणि इथे शांतता. त्याने ती शांतता गुणवत्ता म्हणून विकली. पाचशे रुपये जास्त घेतले, असंही चेअरमन म्हणाले. आराखड्यातली ती ओळ त्याने वाचायला हवी होती, हे मी रिपोर्टात लिहिलं. पण ती शांतता रिकामी नाही, राखलेली आहे, हे मशीनवर दिसत नाही. देवराई आणि पडीक रान नकाशात एकाच रंगाचं असावं तसं. आणि 400 ते 470 पर्यंत काहीही भरता येणारे स्वस्त सेट पिशवीत घालून विकायला परवानगी कोणी दिली, हा प्रश्न माझ्या रिपोर्टाच्या नमुन्यात बसत नाही. तिथे रकाना आहे 'वापरकर्त्याचे नाव' एवढाच.

मी त्यांना समजावलं. बीकन काय, उपग्रह काय, तुमच्या आवाजाखाली काय दबतं. तांडेलांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मगे आमी बोलूचा कशार?"

सरकारी उत्तर माझ्याकडे तयार होतं. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालेली योजना: किनाऱ्यावरच्या राज्यांत मिळून एक लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर. तोसुद्धा मोबाइल सॅटेलाइट सेवाच, पण आपल्या उपग्रहावरून, एस बँडमध्ये, रीतसर नेमून दिलेल्या जागेत. दोन्हीकडून मेसेज जातो, वादळाचा इशारा येतो, बटण दाबलं की एसओएस. मोबाइलची रेंज संपते तिथेही चालतो.

त्यांच्या काही बोटींवर तो बसलाही होता. तांडेल म्हणाले, "तुमचो डबो बरो हा. पण तो सगळ्यांका सांगता मी खंय आसय ता."

चेअरमन दुसरीकडे बघायला लागले. कोणाच्या जाळ्याला किती मैलांच्या आत बंदी आहे हे तिथे उभ्या प्रत्येकाला माहीत होतं. मीही विषय वाढवला नाही, तो दुसऱ्या खात्याचा. पण फक्त तेवढंच नव्हतं. मेसेज टाइप करायला ओले हात चालत नाहीत. आणि 2017 च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या बोटी देवगडला आसऱ्याला आल्या, तेव्हा ह्यांच्या स्वतःच्या बोटी बाहेर होत्या आणि त्यांना हाक मारायला काही नव्हतं. रिपीटर त्यानंतर वर्गणी काढून बसवलेला. सड्यावरून पन्नास-पंचावन्न किलोमीटरपर्यंत आवाज जायचा. म्हणजे जीव वाचवायच्या पट्ट्यात घुसलेला हा चोर, जीव वाचवायलाच आणलेला होता.

ज्युनिअरने तोवर पंचनामा लिहून काढला होता. तो वेगवान आहे, हस्ताक्षर सुंदर. 'सदर उपकरण 16:10 वाजता बंद करण्यात आले.' हवालदारांची सही झाली. त्यांना सहाच्या आत दुसरा बंदोबस्त होता. मी स्विचकडे हात नेला.

"थांब गो बाय," तांडेल म्हणाले. इतका वेळ मी मॅडम होते. "बोटी भायर आसत. तेंका सांगूचा कसा?"

एकोणीस बोटी. चेअरमनांच्या वहीत नावं होती. आता स्विच बंद केला, तर त्यांच्या दृष्टीने बंदर एकाएकी मुकं होणार. कोणी घाबरून परत फिरेल, कोणी रात्री मदत मागायला ह्याच चॅनेलवर ओरडत बसेल आणि वाट बघेल. मोबाइल लागणार नाही. ट्रान्सपाँडर पाच-सहा बोटींवर. व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा रीतसर रेडिओ, सगळ्यांकडे असतो असं कागदावर आहे.

नियम स्पष्ट आहे. अडथळा सापडला की त्या क्षणी बंद. मी म्हटलं, पाच मिनिटं. फक्त एवढंच सांगायचं की हा चॅनेल बंद होतोय, व्हीएचएफवर या, सेट बंद ठेवा.

चेअरमनांनी माइक घेतला. मी अ‍ॅनालायझर समोर धरून उभी राहिले. एक बोट: "ऐकला." पडद्यावर 406.05 ला उंचवटा, तीन सेकंदांची शेपटी, टुक. वहीत टिकमार्क. दुसरी: "ऐकला." एकाने "कित्याक?" विचारलं आणि त्याला शिवी बसली, तीही उपग्रहाला गेली. मी प्रत्येक उंचवटा मोजत होते. आयुष्यात पहिल्यांदा, समोर चालू असलेला अडथळा मी परवानगी देऊन बघत होते.

अठरा टिकमार्क झाले. एकोणिसावी बोलेना. चेअरमनांनी चारदा हाक मारली. पाच मिनिटांची पंधरा झाली, मग वीस. हवालदार घड्याळ बघत होते, ज्युनिअर माझ्याकडे. तांडेल कोणाकडेच बघत नव्हते, समुद्राकडे बघत होते, आणि सड्यावरून समुद्र इतका सपाट दिसत होता की त्यावर काही बुडू शकेल असं वाटू नये. मी अजून एकदा हाक मारू दिली. मग स्विच बंद केला. माझ्या घड्याळात 16:41.

बेंगळुरूला फोन लावला. पलीकडचा इंजिनिअर तेलुगू असावा, हिंदीत बोलला. "हाँ मैडम, गया. साफ है." मग जरा थांबून म्हणाला, "सोलह-इकतालीस तक था."

"हो," मी म्हटलं.

त्याने आणखी काही विचारलं नाही. पंचनामा बदलायचा तर नवा कागद, हवालदारांची पुन्हा सही आणि त्या एकतीस मिनिटांचं स्पष्टीकरण. मी बदलला नाही. माझ्या फायलीत 16:10 आहे, त्याच्या लॉगमध्ये 16:41. आमच्याकडे दोन खात्यांचे कागद शेजारी ठेवून कोणी वाचत नाही, याची मला इतकी वर्षं चीड होती. त्या दिवशी त्याचाच फायदा घेतला.

त्या एकतीस मिनिटांत, किंवा त्याआधीच्या सगळ्या महिन्यांत, काही हुकलं का? मी बेंगळुरूला हे विचारलंय, दोनदा. दबलेला बीकन नोंद ठेवून जात नाही. त्यांच्याकडे जे ऐकू आलं त्याचीच यादी आहे.

रात्री देवगडला लॉजवर झोप लागली नाही. एकोणिसावी बोट डोक्यात होती. सकाळी सातला अनोळखी नंबरवरून फोन आला. तांडेल होते, नंबर ज्युनिअरकडून घेतला होता त्यांनी.

"इली गो बाय, बोट इली." वॉकी तांदळाच्या डब्यावर चार्जिंगला लावून सगळे खलाशी जाळं ओढत होते. कोणाला ऐकू आलं नव्हतं. "बांगडो लय गावलो," ते म्हणाले. "येतंस तर घेवन जा."

मी म्हटलं, केस चालू आहे काका, मला घेता येणार नाही. ड्रायव्हरमामांनी बंदरावर जाऊन पैसे देऊन दोन किलो घेतले. त्याची मात्र मी पावती मागितली.